गव्हाणीजवळचा लाकडी बैल

विदर्भातल्या मंडळींना तान्हा पोळा म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी दोन शब्द सांगतो. श्रावणातल्या अमावास्येला बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा भरतो. ज्याच्या त्याच्या हाती लाकडाचा नंदी. कुणाचा वीतभर, कुणाचा हातभर उंच. खाली चार चाके, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. मुले तो ओढत घरोघर जातात, आणि घरची वडील माणसे त्यांच्या हातावर बोजारा म्हणून चार पैसे ठेवतात.

लहानपणी माझ्या नंदीला एकदा बक्षीस मिळाले. शुभ्र अंग, डोळ्यांत काजळाची रेघ, पाठीवर झुलीची वेलबुट्टी. रंगकाम खरोखर सुरेख होते. बक्षिसाची वही छातीशी धरून मी घरी आलो. पुढे पुष्कळ वर्षांनी मनात आले, की अरे, तो नंदी आपण कुठे रंगवला होता? तो रंगवला होता गावच्या सुताराच्या मुलाने. तो माझ्याच वर्गात होता. पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस तो शाळेत दिसत नसे. हजेरी घेताना गुरुजी त्याच्या नावाशी थांबत आणि म्हणत, "तो बैल रंगवतोय." आम्ही हसायचो. त्यात हसण्यासारखे काय होते, हे आज मला सांगता येत नाही.

आज तुमच्यापुढे इतिहास मांडायचा आहे तो अशाच एका लाकडी बैलाचा. मात्र हा बैल आपल्या पोळ्यातला नाही. हा युरोपातला, नाताळच्या देखाव्यात, गव्हाणीजवळ बसलेला.

हा देखावा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. गोव्यात, वसईकडे, आणि जिथे जिथे ख्रिस्ती वस्ती आहे तिथे डिसेंबरात घरांतून आणि चर्चमधून तो मांडतात. पेंढ्याने शाकारलेला गोठा, त्यात गव्हाण, गव्हाणीत बाळ येशू. एका बाजूला आई मरिया, दुसरीकडे योसेफ. पलीकडे मेंढपाळ, त्यांची मेंढरे, भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे तीन ज्ञानी पुरुष, आणि वर तारा. आणि बाळाच्या अगदी जवळ, सगळ्या माणसांच्याही आधी, एक बैल आणि एक गाढव.

युरोपातल्या कितीतरी घरांत हा देखावा दोन प्रकारचा असतो. एक चिनी मातीचा किंवा नाजूक कोरीव कामाचा, कपाटावर उंच ठेवलेला. त्याला पोरांनी हात लावायचा नाही. दुसरा साध्या लाकडाचा, हाताने रंगवलेला, कडा गोल केलेला, जमिनीवर मांडलेला. हा पोरांचा. त्यातला बैल गव्हाणीतून उठून पलंगाखाली चरायला जातो, गाढव पाठीवर ठोकळे वाहते, आणि एखादा मेंढपाळ उशीखाली झोपतो. देवळातली मूर्ती पोराच्या मुठीत कशी आली, हाच आजचा विषय.

प्रथम बैलाचे मूळ पाहू. मौज अशी, की ख्रिस्तजन्माची हकीकत ज्या दोन शुभवर्तमानांत आली आहे त्यांत बैलही नाही आणि गाढवही नाही. लूकच्या वृत्तान्तात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. मत्तयाच्या वृत्तान्तात पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष आहेत. पण ते तीन होते असे तोही म्हणत नाही. भेटी तीन, म्हणून माणसे तीन, असा हिशेब मागाहूनच्या लोकांनी केला. मग बैल आला कुठून? त्याहून कितीतरी जुना असा यशया संदेष्ट्याचा ग्रंथ आहे. बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला धन्याची गव्हाण कळते, माणसाला मात्र कळत नाही, अशा अर्थाची खंत त्यात आहे. तिथली ती दोन जनावरे लोकांनी या गोठ्यात आणून बांधली. चौथ्या शतकातल्या दगडी शवपेट्यांवर हे चित्र कोरलेले सापडते. त्यांतल्या काहींवर तर आईसुद्धा नाही. बाळ, बैल आणि गाढव एवढेच. शेतकऱ्याला हे सांगायला नको. गोठा म्हटला की तिथे आधी जनावर असणारच.

आता इसवी सन १२२३ मध्ये या. इटलीत रोमच्या उत्तरेला डोंगराच्या अंगावर ग्रेच्चो नावाचे एक लहान गाव आहे. असिसीचा संत फ्रान्सिस त्या वर्षी नाताळाला तिथे होता. लॅटिन प्रार्थना खेड्यातल्या माणसाला समजत नसत. फ्रान्सिसने गावातल्या जोव्हान्नी नावाच्या एका गृहस्थाला सांगून एक गव्हाण मांडवली, तीत गवत भरवले, आणि शेजारी खरा बैल आणि खरे गाढव उभे केले. रात्री लोक मशाली, मेणबत्त्या घेऊन जमले. फ्रान्सिसचा पहिला चरित्रकार तोमासो याने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्यात गव्हाण आहे, गवत आहे, जनावरे आहेत. मरियेच्या आणि योसेफाच्या मूर्तींचा उल्लेख नाही. म्हणजे ज्याला या देखाव्याचा आरंभ मानतात, त्यात जे हमखास होते ते बैल आणि गाढव! उपदेश कानांनी कळत नसेल तर डोळ्यांनी कळू दे, ही त्यामागची दृष्टी. शिक्षक मित्रहो, तुम्ही ज्याला वर्गात साधन म्हणता, तेच हे.

त्यानंतर खऱ्या जनावरांची जागा मूर्तींनी घेतली. १२९१ च्या सुमारास आर्नोल्फो दि काम्बियो या शिल्पकाराने रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या चर्चसाठी संगमरवरी मूर्ती घडवल्या. सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी या प्रथेला उचलून धरले. १५६२ साली प्रागमध्ये त्यांनी मांडलेला देखावा या बाबतीत प्रसिद्ध आहे. पुढे दोनशे वर्षे चर्चमधले देखावे वाढतच गेले. डोंगर आले, बाजार आले, हत्ती-उंटांचे तांडे आले. लोक पाहायला लोटू लागले.

इथे एका बादशहाने हात घातला. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ हा सुधारक वृत्तीचा राज्यकर्ता. धर्मात बुद्धीला पटेल तेवढेच ठेवावे, बाकी थाटमाट काढून टाकावा, असे त्याचे मत. त्याच्या राज्यात १७८२ साली चर्चमध्ये हे देखावे मांडायला बंदी झाली. हे पोरखेळ आहेत, असा तो एकंदर सूर.

पण लोकांच्या आवडीवर असा हुकूम चालत नाही. चर्चमध्ये मांडता येत नाही ना, मग घरात मांडू! कुणी घरासाठी मूर्ती नव्याने कोरून घेतल्या, कुणी कागदाच्या कापून रंगवल्या. देखावा उंबरठा ओलांडून घरात आला, आणि घरात आला म्हणजे पोरांच्या तावडीत आला. चोवीस डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवायची आणि मग बाळ ठेवायचे. ज्ञानी पुरुषांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे करून रोज थोडे थोडे पुढे सरकवायचे आणि सहा जानेवारीला गव्हाणीशी पोचवायचे, असे रिवाज घरोघर रुळले. हे रोजचे सरकवणे कोण करणार? मुलेच. बादशहाने ज्याला पोरखेळ म्हणून बाहेर काढले, तो खरोखरच पोरांचा खेळ झाला, आणि त्यामुळेच टिकला. पुढे बंदी उठली, चर्चमध्येही देखावे परत आले. पण घरातले काही गेले नाहीत.

आता एवढ्या घरांना मूर्ती पुरवायच्या म्हणजे त्या करणारी माणसे हवीत. ती होती डोंगरातली. दोन ठिकाणे सांगतो.

पहिले ग्रोडेनचे खोरे, इटालियन नाव वाल गार्देना. आल्प्स पर्वतातला हा मुलूख पूर्वी ऑस्ट्रियाच्या राज्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर इटलीत गेला. जमीन उताराची, हिवाळा लांबलचक, बर्फात शेती बंद. डोंगरावर एका जातीचे पाइन वृक्ष वाढतात, त्यांचे लाकूड मऊ आणि एकसारखे. पटाशीखाली लोण्यासारखे निघते. सतराव्या शतकापासून इथले शेतकरी हिवाळ्यात चुलीजवळ बसून मूर्ती आणि खेळणी कोरू लागले.

१८७२ साली अमेलिया एडवर्ड्स ही इंग्रज लेखिका या खोऱ्यात गेली होती. पुढल्या वर्षी निघालेल्या प्रवासवर्णनात तिने एका म्हातारीची गोष्ट लिहिली आहे. म्हातारीचे नाव मागदालेना पाल्दाउफ. ती मांजर, कुत्रा, लांडगा, मेंढी, बकरी आणि हत्ती अशी सहाच जनावरे कोरी. सातवे तिला येत नव्हते. समोर नमुना नाही, चित्र नाही. हात आपोआप चाले. वर्षाला अशी हजारभर जनावरे ती करी. ही सहा तिला आईने शिकवली होती, आईला आजीने. आणि आता तिने ती आपल्या नातीला शिकवली होती. आल्प्सच्या त्या दरीत हत्ती कुठून दिसणार? पण पिढ्यान्‌पिढ्या बोटांतून हत्ती उतरत होता. त्या सहांत आपला बैल नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातचा.

दुसरे ठिकाण जर्मनीत, सॅक्सनी प्रांतातले झायफेन. हा खाणींचा डोंगराळ मुलूख. इथे कथील निघे. खाणी रिकाम्या होत गेल्या. १८४९ साली खाणकाम थांबलेच. पण लोक आधीपासूनच लाकडाच्या कातकामाकडे वळले होते. १८०० च्या सुमारास इथल्या कातारींनी एक अजब युक्ती काढली. झाडाचा ओला ओंडका कापून त्याची जाड चकती लेथवर चढवायची आणि फिरत्या चकतीला आतून-बाहेरून असे खाचखळगे पाडायचे, की शेवटी लाकडाचे एक गोल कडे हाती येते. ते कडे भाकरीचे तुकडे पाडावेत तसे उभे चिरले, की प्रत्येक तुकडा म्हणजे एक जनावर! पाठ, पोट, पाय, मान, सगळे तयार. एका कड्यातून चाळीस-पन्नास बैल निघत. आणि गंमत ही, की काम चालू असताना कातारीला तो आकार दिसतच नाही. चिरल्यावरच कळते की आत बैल होता.

पण हा नुसता चपटा बैल. त्याच्या कडा कोरून गोल करायच्या, शिंगे आणि कान वेगळे करून सरसाने चिकटवायचे, शेपूट लावायचे, आणि मग रंगवायचे. हे काम कातशाळेत होत नसे. पोती भरभरून लाकूड घरी जाई आणि घरातली सगळी माणसे त्याला लागत. बाप कोरी, आई चिकटवी, मुले रंगवीत. आधी सबंध अंगाला एक हात, तो वाळला की ठिपके, मग खूर, मग नाक, आणि सर्वांत शेवटी डोळे. डोळ्याचा ठिपका चुकला की बैल आंधळा. बारीक बोटांना हे काम चांगले जमते, म्हणून ते मुलांकडे येई.

रंगांविषयीही थोडे सांगतो, कारण त्यात आपलाही संबंध आहे. मरियेचा झगा निळा रंगवण्याची चाल जुनी आहे. मध्ययुगात तो गडद निळा रंग लाजवर्द या दगडाची पूड करून काढत, आणि तो दगड येई अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. किंमत फार मोठी. म्हणून तो रंग मान द्यायचा त्या व्यक्तीलाच लावायचा. असा रंग खेळण्याला कोण लावणार? १८२४ साली फ्रान्समधल्या एका संस्थेने हा निळा कृत्रिम रीतीने करून दाखवणाऱ्याला सहा हजार फ्रँकचे बक्षीस लावले, आणि १८२८ साली ते झां बाप्तिस्त गिमे याला मिळाले. त्यानंतर तो रंग कारखान्यात मणामणाने होऊ लागला. पूर्वी आपल्याकडे पांढऱ्या धोतरांना देण्यासाठी पुडीतून नीळ येई, ती हीच कृत्रिम निळी पूड. राणीच्या मोलाचा रंग धुण्याच्या बादलीत आला, आणि लाकडी मरियेच्या झग्यावरही आला.

सगळे रंग मात्र असे निरुपद्रवी नव्हते. पांढऱ्यात आणि शेंदरी लालात शिसे असे, एका झगझगीत हिरव्यात सोमल असे. लहान मूल खेळणे आधी तोंडात घालते. तेव्हा १८८७ साली जर्मनीत कायदा झाला. खाद्यपदार्थांत आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंत आरोग्याला घातक रंग वापरण्यावर त्याने निर्बंध घातले, आणि या वस्तूंत खेळणीही आली. उत्तम झाले. खेळणाऱ्या मुलाची काळजी सरकारने घेतली.

पण श्रोतेहो, रंगवणाऱ्या मुलाचे काय? त्याच्या बोटांना तर हे रंग दिवसभर लागलेले असत.

कारखान्यातल्या मुलांसाठी कायदे केव्हाच झाले होते. प्रशियात १८३९ सालीच नऊ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घेण्याची बंदी झाली. पण घर हा कारखाना नव्हे! घरात बाप आपल्याच मुलाला कामाला लावतो. त्यात सरकारने पडावे कशाला, असा समज. व्यापारी नगावर, डझनावर पैसे देई आणि भाव पाडी. भाव पडला की तेवढेच पैसे मिळवायला जास्त बैल रंगवावे लागत, आणि जास्त बैल म्हणजे घरातले आणखी एक लहान पोर. अखेर १९०३ साली जर्मनीत मुलांच्या मजुरीविषयी जो कायदा झाला, तो घरातल्या धंद्यालाही आणि स्वतःच्या मुलांनाही लागू केला. दहा वर्षांखालच्या मुलाला घरीसुद्धा अशा कामाला लावू नये, असे ठरले. त्यात सवलती होत्या, पळवाटा होत्या. घरोघर जाऊन पाहणार तरी कोण? तरीही तत्त्व मान्य झाले.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. खेळणाऱ्यासाठी १८८७, रंगवणाऱ्यासाठी १९०३. मधे सोळा वर्षे. मूल दोन्हीकडे तेवढ्याच वयाचे, बैलही तोच. एकाच्या हाती तो खेळ म्हणून होता, दुसऱ्याच्या हाती रोजगार म्हणून. आणि ज्या देखाव्यात बैल बसायचा, तो तर गोठ्यात जन्मलेल्या एका गरिबाघरच्या बाळाचा! त्या बाळाची जनावरे रंगवताना किती बाळांचे डोळे शिणले असतील, हा विचार दिवाणखान्यात देखावा मांडणाऱ्याच्या मनात क्वचितच आला असेल.

दुसऱ्यांना हसायचे कारण नाही. आपल्याकडे १९८६ साली बालमजुरीचा कायदा झाला, त्यातून घरातल्या माणसांनी चालवलेली कामे वगळली होती. २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सर्वत्र बंदी आली. पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, घरच्या धंद्यात, तो धोक्याचा नसेल तर, हातभार लावायला मुभा ठेवली. ही मुभा मला मुळातच वाईट वाटत नाही. सुताराच्या मुलाने पटाशी धरूच नये काय? सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे आज आपण पाहतो, ती बापाच्या मांडीशी बसून शिकलेल्या हातांमुळेच ना? मागदालेनाची नात आजीपासून जे शिकली, ती विद्याच होती. प्रश्न एवढाच, की शिकणे कुठे संपते आणि राबणे कुठे सुरू होते. कायद्याने म्हटले आहे, "शाळा सुटल्यावर". शाळा सुटल्यावर म्हणजे शाळेत आल्यावर, हे पाहण्याचे काम कुणाचे? हजेरीचा पट ज्याच्या हातात आहे त्याचे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. पुढच्या तान्ह्या पोळ्याला, दिवाळीच्या किल्ल्याला किंवा नाताळाला, जसे तुमचे गाव असेल तसे, मुलांकडून एक खेळणे त्यांचे त्यांनाच रंगवू द्या. गावच्या सुताराकडून साधे कोरे लाकडी नंदी घ्या, आणि त्याला पुरते पैसे द्या. पॉलिश पेपरने कडा घासून घ्या, म्हणजे कुसळ बोटात जाणार नाही. दाराखिडक्यांना लावायचा तेलरंग वापरू नका. मुलांसाठी म्हणून मिळणारे पाण्यातले रंग घ्या. फिका रंग आधी, गडद मागून, डोळे सर्वांत शेवटी. कुणाचा बैल जांभळा झाला तर होऊ द्या. आणि ज्याच्या घरी हाच धंदा आहे, त्या मुलाला त्या दिवशी वर्गापुढे उभे करून म्हणा, "आज तू आमचा गुरुजी." त्याची बोटे काय जाणतात, ते बाकीच्यांना तेव्हाच कळेल.

रंग वाळेपर्यंत मग हा इतिहास सांगा. ग्रेच्चोच्या खऱ्या बैलापासून झायफेनच्या कड्यातल्या बैलापर्यंत. आणि शेवटी मुलांना एक सवय लावा. कोणतेही खेळणे हाती आले की विचारायचे, हे कुणी केले? त्याचे वय काय असेल? त्याला यातून काय मिळाले? इतिहासाच्या पुस्तकात राजांची नावे असतात, बादशहांचे हुकूम असतात. बैलाचा डोळा रंगवणाऱ्याचे नाव नसते. ते आपण विचारून काढायचे असते.

माझ्या वर्गातला तो मुलगा पुढे मोठा कारागीर झाला की शाळा सोडून कुठे मजुरीला गेला, हे मी कधी विचारले नाही. बक्षिसाच्या वहीवर मात्र नाव माझेच होते. तुमच्या गावात अजून हजेरीच्या वेळी कुणी म्हणत असेल, "तो बैल रंगवतोय", तर हसू नका. उठा, आणि त्याला शाळेत घेऊन या. बैल संध्याकाळी रंगवता येतो.